थोरलीचं रक्त, धाकट्याची काळजी

माझा रक्तगट बी निगेटिव्ह आहे, हे मला डीएमएलटीच्या पहिल्या वर्षी कळलं. प्रॅक्टिकलला आम्ही सगळ्या एकमेकींची बोटं टोचत होतो. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे तीन थेंब घ्यायचे. पहिल्यावर निळं अँटी-ए, दुसऱ्यावर पिवळं अँटी-बी, तिसऱ्यावर पाण्यासारखं बिनरंगी अँटी-डी. काडीनं ढवळायचं, टाइल हळूहळू डोलवायची आणि बघत राहायचं. माझ्या दुसऱ्या थेंबात बघता बघता लाल कण गोळा झाले, रक्त रवाळ दिसायला लागलं. तिसरा थेंब मात्र शेवटपर्यंत होता तसाच राहिला. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "निगेटिव्ह आहेस गं. दिवस गेले की पहिल्यांदा हेच सांगायचं डॉक्टरांना."

आता मी चिपळूणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मला सातवा महिना लागलाय आणि घरी अडीच वर्षांची मुलगी आहे. तिचा गट ओ पॉझिटिव्ह, तिच्या बाबांचा आहे तोच. ती जागी असते तेवढा वेळ दिवाण, खिडकी, स्टूल आणि माझं पोट यांपैकी कशावर तरी चढलेली असते. तिला सांभाळता सांभाळता हे दुसरं गरोदरपण चाललंय. लॅबमध्ये समोर येणाऱ्या निगेटिव्ह बायकांना मी जे पुन्हा पुन्हा सांगते, तेच इथे जरा निवांत सांगायचं आहे. निगेटिव्ह बाईला जे अँटी-डी इंजेक्शन देतात, ते मुख्यतः पोटात असलेल्या बाळासाठी नसतं, त्याच्या पाठच्या भावंडासाठी असतं. ज्या बाईला हे नीट कळतं, ती ते चुकवत नाही. ज्यांना कुणी कधी सांगितलंच नाही, त्यांचे रिपोर्ट मला माझ्या हातानं लिहावे लागतात, आणि त्या दिवशी घरी गेल्यावरही ते डोक्यातून जात नाहीत.

आपल्या लाल पेशींच्या अंगावर बरीच प्रथिनं असतात, त्यातल्या एकाचं नाव डी. ते ज्यांच्यात आहे ते पॉझिटिव्ह, ज्यांच्यात नाही ते निगेटिव्ह. हा आजार नाही, अशक्तपणा नाही, रक्तातला दोषही नाही. भारतात शंभरातली साधारण पाच माणसं निगेटिव्ह असतात, युरोपातल्या गोऱ्या लोकांत पंधरा, आणि स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांत तर तीसच्या आसपास. पुरुष निगेटिव्ह असला तर त्याला उभ्या आयुष्यात त्याचा त्रास होत नाही, रक्त लागलं तरच काय ती शोधाशोध. बाईच्या बाबतीत प्रश्न येतो तो ती निगेटिव्ह, नवरा पॉझिटिव्ह आणि बाळानं बापाचा डी घेतला तर. डीचं जनुक आपल्याला आईकडून एक आणि बापाकडून एक असं मिळतं. नवऱ्याकडे दोन्ही डीची असतील तर प्रत्येक बाळ पॉझिटिव्ह होणार, एकच असेल तर निम्मी शक्यता. नवराही निगेटिव्ह असेल तर काळजीचं कारण राहत नाही. म्हणून बाईचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की आम्ही नवऱ्यालाही बोलावतो. "मला कशाला?" म्हणत बरेच जण कुरकुरतात, पण अर्ध्या तासाच्या या कामानं बाईची पुढची कितीतरी धावपळ वाचू शकते.

आईचं आणि बाळाचं रक्त पोटात एकमेकांत मिसळत नाही, मध्ये वार असते. पण बाळंतपणात वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात शिरतं. बहुतेक वेळा ते एक मिलिलिटरसुद्धा नसतं. तेवढं पुरतं. आईच्या शरीरानं डी कधी पाहिलेला नसतो, ते त्याला परका समजतं आणि त्याच्या विरोधात प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, तयार करायला घेतं. या कामाला आठवडे-महिने लागतात. पहिल्या खेपेला ज्या अँटीबॉडीज बनतात त्या आकारानंही मोठ्या असतात, वारेतून पलीकडे जाऊ शकत नाहीत. तोवर बाळ जन्मून आईच्या मांडीवर खेळतही असतं. म्हणून पहिलं बाळ सहसा सुखरूप असतं आणि घरच्यांना वाटतं, निगेटिव्ह-बिगेटिव्ह सगळं उगाच.

शरीर मात्र विसरत नाही. पुढच्या खेपेला पोटात पुन्हा पॉझिटिव्ह बाळ असलं की त्याच्या चार पेशी दिसायचा अवकाश, आईचं रक्त भराभर अँटीबॉडीज तयार करतं, आणि या वेळच्या लहान असतात, वारेतून थेट बाळापर्यंत पोचणाऱ्या. त्या बाळाच्या लाल पेशी फोडत सुटतात. बाळाचं रक्त कमी होतं, हृदयावर ताण येतो, अंगात पाणी भरतं. काही बाळं पोटातच जातात. जन्मलेल्याला पहिल्या चोवीस तासांतच कावीळ दिसते, आणि ती डोक्यापर्यंत चढली तर मेंदूला कायमची इजा होते. नेहमीची कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर दिसते आणि बहुतेक बाळांची आपोआप उतरते. पहिल्याच दिवशी पिवळं दिसणारं बाळ कोवळ्या उन्हात धरून बसायचं नसतं. ते त्याच तासाला डॉक्टरांना दाखवायचं.

माझ्या आजीची एक बहीण होती. तिचा पहिला मुलगा धडधाकट होता, पुढे म्हातारा होऊन गेला. त्यानंतरची तिची सगळी बाळं जन्मल्या-जन्मल्या पिवळी पडली आणि पाचवी पुजायच्या आत गेली. नवस झाले, अंगारे-धुपारे झाले, कुणी आसरांची बाधा सांगितली, कुणी जावेनं काही केलं म्हणालं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून तिलाच पांढऱ्या पायाची ठरवलं. तिचं रक्त आता कुणालाच तपासता येणार नाही, त्यामुळे ती निगेटिव्हच होती असं मी म्हणणार नाही. पण पहिलं जगतं आणि पुढची पिवळी पडून जातात हा क्रम मी पाठ्यपुस्तकात वाचला, तेव्हा मला आधी तीच आठवली. असल्या किती बायकांनी आपल्या पायगुणाचं खापर डोक्यावर घेऊन दिवस काढले असतील, या विचारानं आजही जीव तुटतो.

याचा उलगडा व्हायला १९३९ साल उजाडावं लागलं. न्यूयॉर्कमध्ये एका बाईचं दुसरं बाळ मृत जन्मलं. तिचा रक्तस्राव झाला म्हणून नवऱ्याचं रक्त चढवलं. दोघांचा गट ओ, म्हणजे त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे अगदी जुळणारं रक्त, तरी तिला भयंकर रिअॅक्शन आली. फिलिप लेव्हिन आणि रूफस स्टेट्सन यांनी तिचं रक्त तपासलं आणि अंदाज बांधला, की बाळानं बापाकडून घेतलेल्या कुठल्यातरी घटकाविरुद्ध तिच्या शरीरात काहीतरी तयार झालंय. पुढच्याच वर्षी कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वायनर यांनी ऱ्हीसस माकडांच्या रक्तावरच्या प्रयोगांतून ऱ्हीसस घटकाची माहिती जाहीर केली, आरएच पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणतो त्यातला आरएच तो हाच. लँडस्टायनर म्हणजे ए, बी, ओ गट शोधून १९३० साली नोबेल मिळवणारे तेच.

रोग कळला, पण तो टाळता येईना. टाळायची युक्ती १९६० च्या दशकात एकाच सुमाराला दोन ठिकाणी सुचली, इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला आणि अमेरिकेत न्यूयॉर्कला. लिव्हरपूलचे सिरिल क्लार्क मुळात डॉक्टर, पण त्यांना फुलपाखरांच्या पंखांवरच्या नक्षीची आनुवंशिकता अभ्यासायचा नाद होता आणि त्या नादातूनच ते रक्तगटांकडे वळले. त्यांच्याबरोबर रोनाल्ड फिन होते. न्यूयॉर्कला व्हिन्सेंट फ्रेडा, जॉन गॉर्मन आणि विल्यम पोलॅक काम करत होते. युक्ती ऐकायला उलटी वाटते. ज्या अँटीबॉडीला भ्यायचं, तीच बाहेरून तयार आणून आईला टोचायची. ती आईच्या रक्तात शिरलेल्या बाळाच्या पेशींना जाऊन चिकटते, त्या पेशी निकालात निघतात आणि आईच्या शरीराला स्वतःच्या अँटीबॉडीज बनवायची वेळच येत नाही. टोचलेल्या अँटीबॉडीज पुढे आपोआप विरून जातात, मागे आठवण उरत नाही. क्लार्कच्या बायकोनं, फेओनं, मध्यरात्री नवऱ्याला उठवून हीच कल्पना सांगितली होती, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. गॉर्मनची भावजय निगेटिव्ह होती आणि लंडनमध्ये बाळंत होणार होती. त्यांनी न्यूयॉर्कहून औषध भावाकडे धाडलं आणि १९६४ च्या जानेवारीत बाळंतपणानंतर काही तासांतच तिला ते टोचलं गेलं. १९६८ मध्ये अमेरिकेत हे इंजेक्शन बाजारात आलं.

ही अँटीबॉडी कारखान्यात रसायनं मिसळून होत नव्हती. ज्यांच्या रक्तात ती भरपूर आहे अशा माणसांच्या प्लाझ्मातूनच ती काढावी लागे, आणि जगात बऱ्याच ठिकाणी आजही तशीच काढतात. ऑस्ट्रेलियातले जेम्स हॅरिसन हे असे एक दाते. चौदाव्या वर्षी छातीच्या ऑपरेशनला त्यांना खूप रक्त लागलं होतं. त्याची फेड म्हणून अठरा पूर्ण होताच त्यांनी रक्तदान सुरू केलं आणि २०१८ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी थांबले, तेव्हा ११७३ वेळा देऊन झालं होतं. त्यांच्या दानाचा फायदा चोवीस लाख बाळांना झाला, असा तिथल्या रेडक्रॉसचा अंदाज आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ते गेले, ती बातमी मी लॅबमध्ये सगळ्यांना वाचून दाखवली. हल्ली आपल्याकडे प्रयोगशाळेत पेशी वाढवून त्यांच्यापासून काढलेलं अँटी-डीही मिळतं. दंडात घ्यायचं एक साधं इंजेक्शन, फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायचं. आमच्याकडे पावसाळ्यात तासन् तास वीज जाते, तेव्हा ते ज्या दुकानात इन्व्हर्टर आहे तिथूनच घ्या, असं मी आवर्जून सांगते.

ते घ्यायचं कधी, ते आता सांगते. एक अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास. त्याचं संरक्षण साधारण बारा आठवडे टिकतं, म्हणजे बाळंतपणापर्यंत पुरतं. दुसरं बाळंतपणानंतर, बाळ पॉझिटिव्ह निघालं तर, ७२ तासांच्या आत. नेहमीचा डोस ३०० मायक्रोग्रॅमचा असतो आणि तो बाळाच्या जवळजवळ ३० मिलिलिटर रक्ताला पुरतो. इंजेक्शन अजिबात न घेतलेल्या, पॉझिटिव्ह बाळ झालेल्या शंभर बायकांपैकी बारा ते सोळा जणींच्या रक्तात अँटीबॉडीज तयार होतात. बाळंतपणानंतरचं एक घेतलं तर एक-दोन, आणि दोन्ही घेतली तर हजारात एक ते तीन. माझ्या कामात दिवसभर आकडेच असतात, पण इतका चांगला आकडा मला दुसऱ्या कुठल्या औषधाचा ठाऊक नाही.

अठ्ठाविसावा आठवडा म्हणजे आपला सातवा महिना. या महिन्यात आपल्याकडे डोहाळजेवण असतं, ओटी भरतात, हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, झोपाळा. माझ्या सासूबाईंना मी म्हटलं, "आई, ज्या आठवड्यात ओटी भराल त्याच आठवड्यात इंजेक्शन." त्यांनी कालनिर्णयावर दोन्ही एकाखाली एक लिहून ठेवलंय. लॅबमध्ये येणाऱ्या बायकांनाही मी हीच खूण सांगते. आठवड्यांचा हिशेब चुकतो, डोहाळजेवण कुणी विसरत नाही.

एक अडचण मात्र खास आपल्या चालीरीतींतली आहे, आणि तिच्याकडे कुणाचं फार लक्ष जात नाही. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. फाइल माहेरच्या गावच्या डॉक्टरांकडे, डिस्चार्ज कार्ड आईच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली. दुसऱ्या वेळी बाई सासरच्या गावात नाव घालते आणि डॉक्टर विचारतात, "मागच्या वेळी अँटी-डी घेतलं होतं?" बाई म्हणते, "एक इंजेक्शन दिलं होतं काहीतरी." ते टीटीचं होतं की रक्त वाढायचं होतं की अँटी-डी, हे तिला सांगता येत नाही, कारण तिला तेव्हा कुणी सांगितलेलं नसतं. माझं पहिलं बाळंतपण कऱ्हाडला झालं. इंजेक्शनच्या खोक्यावरचा बॅच नंबर आणि तारखेचं लेबल मी माता-बाल कार्डावर चिकटवून घेतलं होतं आणि त्याचा फोटो नवऱ्याच्या, भावाच्या, माझ्या अशा तिन्ही फोनमध्ये ठेवला. तुमच्या मुलीचा, सुनेचा गट निगेटिव्ह असेल तर एवढं तुम्ही जरूर करा.

आता पोरीकडे येते. पोटात दुसरं असताना अंगाखांद्यावर पहिलं खेळत असतं, तेव्हा निगेटिव्ह बाईच्या मनात एक भीती घर करून असते. पोटाला मार लागला तर बाळाचं रक्त माझ्या रक्तात येईल का? माझी लेक रात्री माझ्याच कुशीत झोपते आणि झोपेत तिचे पाय घड्याळाच्या काट्यासारखे फिरतात. सासूबाईंचा जीव वरखाली होतो. "गो, तिला भिंतीकडे झोपव. लाथ बसायची पोटावर." खरं म्हणजे पहिले बारा आठवडे गर्भाशय कमरेच्या हाडांच्या आत असतं, तिथवर लहान मुलाची लाथ पोचत नाही. पुढेही पोटाचे स्नायू, गर्भाशयाची जाड भिंत आणि गर्भजल यांच्यामुळे रोजच्या लाथांनी, मांडीवर धपकन बसण्यानं, कडेवर घेण्यानं सहसा काही होत नाही. निगेटिव्ह आहे म्हणून पोरीला जवळ घ्यायचं नाही, असं मुळीच नाही. तिला तर याच दिवसांत आईची कूस जास्त हवी असते. घरात कुणीतरी नवं येणार हे तिला आमच्या बोलण्यातून कळलंय आणि ती दिवसातून दहादा येऊन माझ्या पोटाला कान लावते.

पण जोरदार मार ही वेगळी गोष्ट. सहाव्या महिन्यात एका संध्याकाळी मी दिवाणाला टेकून बसले होते. तिनं वरून "आई, झेल!" म्हणत उडी मारली आणि तिचं डोकं माझ्या बेंबीच्या खाली आदळलं. डोळ्यांपुढे अंधारी आली, पोट दगडासारखं कडक झालं आणि ते सैल पडेना. नवरा गाडी काढेपर्यंत मी बाळाची हालचाल शोधत होते. लेक माझ्या पायाला धरून रडत होती, तिला उचलून घेतल्याशिवाय माझा पाय उंबऱ्याबाहेर पडेना. डॉक्टरांनी ठोके ऐकले, सोनोग्राफीत वार सुटली नाही ना ते पाहिलं, काही तास ठेवून घेतलं आणि खबरदारी म्हणून अँटी-डी दिलं. दुसऱ्या दिवशी पोट मऊ होतं, बाळ हलत होतं. सातव्या महिन्यातलं इंजेक्शन तरी ठरल्या वेळी घ्यायचंच, मधल्यानं त्याची जागा भरून निघत नाही, असं त्यांनी बजावलं.

किती रक्त मिसळलं ते पाहायची एक तपासणी आहे, क्लाइहावर टेस्ट. आईच्या रक्ताची काच सौम्य आम्लात धुऊन रंगवतात. मोठ्या माणसाच्या पेशींतलं हिमोग्लोबिन धुऊन निघतं, त्या फिक्या, रिकाम्या दिसतात. बाळाचं हिमोग्लोबिन चिवट, त्याच्या पेशी गडद गुलाबी राहतात. शिकत असताना मी ही काच एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. भुतासारख्या पांढुरक्या गर्दीत दोन-तीन ठसठशीत गुलाबी ठिपके होते, दुसऱ्या जिवाचे. गावोगावच्या लॅबमध्ये ही सोय नसते. म्हणून पोटावर जोराचा मार, गाडीवरून पडणं, अंगावर जाणं, पोट कडक होऊन राहणं किंवा बाळाची हालचाल मंदावणं यातलं काहीही झालं तर तासाभरात दवाखाना गाठायचा आणि दारातच सांगायचं, "मी निगेटिव्ह आहे." ते ७२ तास तिथेही लागू आहेत.

सगळ्यात जास्त चुकतं ते गर्भपाताच्या वेळी. बाळंतपण सगळ्या घराला माहीत असतं. दिवस गेलेले आणि आल्या पावली संपलेले कुणाला सांगितलेले नसतात. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या, पहिला मुलगा चार वर्षांचा, दणकट. मधे एकदा दिवस गेले तेव्हा दुकानातून गोळ्या आणून घेतल्या, घरातच सगळं पार पडलं. रक्तगट कुणी विचारला नाही. आता हवं म्हणून ठेवलेलं मूल पोटात होतं आणि अँटीबॉडीजची तपासणी, आयसीटी, पॉझिटिव्ह आली, टायटर म्हणजे अँटीबॉडीजचं प्रमाण एकास चौसष्ट. त्यांना मुंबईला जावं लागलं. अगदी सुरुवातीच्या, बारा आठवड्यांच्या आतल्या गर्भपाताला इंजेक्शन लागतंच का, याबद्दल जगात अलीकडे मत बदललंय आणि जागतिक आरोग्य संघटना त्याची गरज नाही म्हणते. आपल्याकडचे बरेच डॉक्टर अजूनही देतात. मी एवढंच म्हणेन की हा निर्णय डॉक्टरांनी घ्यावा, दुकानाच्या काउंटरवर तो होऊ नये. नळीतला गर्भ, गर्भजल तपासणी, नंतरच्या महिन्यांतला गर्भपात, यांनाही अँटी-डीची आठवण हवीच.

आयसीटी म्हणजे इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट. रॉबिन कूम्ब्स यांनी १९४५ मध्ये ती मांडली. बाईच्या रक्तातलं सीरम आणि ओ पॉझिटिव्ह पेशी एकत्र करून शरीराच्या उबेत ठेवायच्या, सलाइननं तीनदा धुवायच्या, कूम्ब्स सीरम घालून फिरवायचं आणि नळी हलकेच झटकून तळ बघायचा. तळाची गुंडी विरघळून गेली की निगेटिव्ह, आणि तेच हवं असतं. कण चिकटून राहिले तर अँटीबॉडीज आहेत. पहिल्या भेटीत आणि मग अधूनमधून ही करतात. एक ध्यानात ठेवा: नमुना इंजेक्शनच्या आधी द्या. अँटी-डी घेतल्यावर तेच औषध तपासणीत दिसतं आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. असा रिपोर्ट हातात घेऊन रडत आलेल्या बायकांना मी पाणी देऊन आधी इंजेक्शनची तारीख विचारते.

खरोखरच अँटीबॉडीज तयार झाल्या असतील तर मग अँटी-डीचा उपयोग नाही. तेव्हा टायटर एकास सोळाच्या पुढे गेलं की बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीचा डॉपलर करतात. बाळाचं रक्त पातळ झालं की तिथला प्रवाह वेगानं धावतो, त्यावरून सुई न टोचता अंदाज येतो. फारच कमी झालं तर बाळाला पोटातच रक्त चढवतात. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला विल्यम लायली यांनी १९६३ मध्ये हे पहिल्यांदा करून दाखवलं. आज मुंबई-पुण्यात सोनोग्राफीवर बघत नाळेच्या शिरेतून ते करतात. मुंबईला गेलेल्या त्या बाईंच्या बाळाला असंच रक्त दिलं, जन्मल्यावर निळ्या लाइटखाली ठेवलं, रक्तही बदलावं लागलं. बाळ वाचलं. चार महिने त्या कुटुंबानं काय सोसलं ते मी पाहिलंय, आणि ते एका इंजेक्शननं टळू शकलं असतं.

लग्नाच्या बाजारात या गटाचं काय होतं तेही सांगायला हवं. एकनाड म्हणजे एकच रक्तगट आणि एक गट म्हणजे मुलं दगावणार, असं अजूनही शिकलेली माणसं छातीठोकपणे सांगतात. नवरा-बायकोचा गट एक असण्यानं काहीही बिघडत नाही, दोघंही निगेटिव्ह असली तर उलट हा सगळा प्रश्नच मिटतो. दुसरा गोंधळ बॉम्बे ग्रुपचा. तो १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला, फार दुर्मिळ आहे आणि निगेटिव्हशी त्याचा संबंध नाही. आणि निगेटिव्ह मुलगी नको म्हणून स्थळ मोडणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की काही हजारांच्या इंजेक्शननं सुटणाऱ्या गोष्टीसाठी मुलीला खाली मान घालायला लावू नका. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीची औषधं मोफत आहेत, दर महिन्याच्या नऊ तारखेला तपासणी असते. तिथे अँटी-डी आधीपासून विचारून ठेवावं म्हणजे ऐन वेळी पळापळ होत नाही.

माझी तयारी झाली आहे. हिमोग्लोबिन बाराच्या वर ठेवलंय, कारण परशुराम घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला तर बी निगेटिव्ह पिशवी कुठून येणार? निगेटिव्ह दात्यांचे नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये आहेत. बाळाच्या नाळेतलं रक्त घेऊन गट, डायरेक्ट कूम्ब्स, हिमोग्लोबिन आणि बिलिरुबिन बघायचं, हे फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलंय. बाळंतपणाच्या गडबडीत पेढे वाटायचे कुणी विसरत नाही, बाळाचा गट विचारायचा राहतो. म्हणून ते काम नणंदेवर सोपवलंय. लेक आजीजवळ राहील. दवाखान्यात बाळाला भेटायला आली की तिच्यासाठी बाळाकडून एक खाऊची पिशवी असेल, तीही भरून ठेवली आहे. इंजेक्शन घेतल्यावर दोघांनाही पाजायला हरकत नाही, हे सासूबाईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवून झालंय.

काल एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, "दोन झाली की ऑपरेशनच करणार ना, मग शेवटचं इंजेक्शन कशाला घ्यायचं?" हा प्रश्न लॅबमध्येही रोज येतो. ऑपरेशन क्वचित फसतं. माणसाचं मन बदलतं, संसारात नको ते घडतं आणि पुन्हा मूल हवंसं होतं. आणि पुढे कधी अपघातात निगेटिव्ह रक्त मिळालं नाही, जीव वाचवायला पॉझिटिव्ह चढवायची वेळ आली, तर अंगात अँटीबॉडीज नसलेल्याच बऱ्या. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर मी ते त्याच दिवशी घेणार आहे.